बाभळीची खोली

१२ फेब्रुवारी, सोमवार

शिवकन्या आज तुळजापूरच्या पुढच्या वाशीला गेली, सिताबाईकडं, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीकडं. मीच स्कूटरवरून नळदुर्गच्या स्टँडवर सोडलं. वाटेत एक शब्द बोलली नाही. तुळजापूरची गाडी लागली, तिनं खिडकी धरली, मोठी बॅग मांडीवर घेतली. मी खालून विचारलं, "कधी येणार?" म्हणाली, "बघू." मी म्हटलं, "बघू म्हणजे?" तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी काढली. पोरगा नवा होता, क्लच अर्धा दाबूनच गियर टाकत होता. घरी येईपर्यंत मी त्याच्यावरच चिडलेलो होतो.

घरी आलो तर घर रिकामं. दिवाळीत मी एस.टी.तून निवृत्त झालो. सगळी नोकरी सोलापूर, लातूर, हैदराबाद अशी रस्त्यावर गेली. घरी कधीमधी मुक्काम. आता नवरा-बायको दोघं निवांत बसू असं वाटलं होतं, पण मला बसताच येत नाही. खुर्चीत बसलो तरी उजवा पाय ब्रेक शोधतो. म्हणून काही ना काही करत राहतो. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणं लावले, ते तिला आवडलं नाही. बागेत तिच्या मागं मागं जाऊन ठिबकचा कॉक कसा फिरवायचा ते सांगितलं, तेही आवडलं नाही. गेल्या आठवड्यात बचत गटाच्या बाया ओसरीवर बसून खिदळत होत्या. मी फक्त एवढंच विचारलं की मीटिंग कधी सुटणार. बाया गुपचूप उठून गेल्या. यात माझं काय चुकलं?

काल भांडी घासता घासता ती म्हणाली, "मला ह्या घरात बसायला जागा न्हाय राहिली." चार खोल्यांचं घर आहे. त्यात माणसं दोन.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना. आज बागेतून फिरताना एकदम सुचलं. जागा हवी ना? देऊ जागा. तिच्या बागेत तिच्यासाठी लाकडाची खोली बांधायची, वर कौलं टाकायची. ती येईल तेव्हा खोली तयार उभी. आधी सांगायचं नाही, म्हणजे बघून चकित होईल.

बाग तिचीच म्हणायची. मी रस्त्यावर असताना तिनं केशर आंब्याची रोपं लावली, घागरीनं पाणी घालून जगवली. बांधावर सीताफळ, कोपऱ्यात मोगरा. मागं लागून शेततळंही करून घेतलं, तिच्याच नावावर. तळ्याच्या पोटात प्लास्टिकचा जाड कागद अंथरलेला असतो, पाणी टिकतं ते त्याच्यावर. म्हणून तळ्याच्या कडेला चप्पल घालून जायचं नाही असा तिचा नियम आहे. मी तिला चिडवायचो, "देऊळ बांधलंस का काय?"

दुपारी बब्रुवानला बोलावलं. त्याचं हायवेवर फर्निचरचं दुकान आहे. तिशीतला गडी, तोंड करवतीपेक्षा जास्त चालतं. म्हणाला, "काका, प्लायवूड मारू. झटक्यात खोली उभी."

"आन् पावसात?"

"पावसात फुगंल."

"मग?"

"मग सागवान घ्या. पण भाव ऐकून परत ड्युटीवर जाताल."

ओढ्याकाठची जुनी बाभूळ दिवाळीच्या सुमाराला वादळात पडली होती, ती तशीच आडवी आहे. बब्रुवाननं तिच्यावर कुऱ्हाड मारून बघितली. आत लालभडक गाभा. म्हणाला, "ह्याच्यासारखं लाकूड न्हाय. माझा बाप बैलगाडीची चाकं करायचा ह्याची. पण भायरचं पांढरं सगळं काढून टाकायचं. पांढऱ्याला किडा लागतो. तांबडं मात्र तुमच्या नातवाला पुरंल."

मी वहीत आकृती काढली होती, ती दाखवली. समोर आडवी मोठी काच, दार उजव्या अंगाला, आत एकामागं एक बाकं. बब्रुवाननं कागद वर धरून बघितला आणि म्हणाला, "काका, वायपर कुठं बसवू?" मला राग आला, पण काचेतून आख्खी बाग दिसेल, याच्यात हसण्यासारखं काय आहे?

२४ फेब्रुवारी, शनिवार

बाभूळ ट्रॅक्टरनं आरा मशीनवर नेली आणि कापून आणली. पांढरं काढलं तर फळ्या अगदीच अरुंद निघत होत्या, खोली लहान झाली असती. मी म्हटलं, राहू दे पांढरं. बब्रुवान म्हणाला, "मी सांगितलं होतं, एवढं ध्यानात ठेवा." मी म्हटलं, गाडी कुणाची आहे? म्हणाला, "तुमची." मग झालं तर.

संध्याकाळी शिवकन्येचा फोन. जेवलात का, गोळी घेतली का, आणि मग, "झाडांना पाणी सोडलं का?" मी सोडलं म्हणालो. खरं तर लाकडाच्या नादात विसरलो होतो, फोन ठेवून लगेच जाऊन सोडलं. कधी येणार ते मी विचारलं नाही. विचारलं तर "बघू" म्हणेल, आणि तो शब्द मला पुन्हा ऐकायचा नाही.

गावात सगळे विचारतात. मी सांगितलंय, सिताबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे.

३ मार्च, रविवार

घात झाला. आज फळ्या उचलल्या तर खाली पिठासारखा भुस्सा. पांढऱ्या भागाला सुईच्या टोकाएवढी भोकंच भोकं. कान लावला तर आत कुरकुर ऐकू येते. मला शिसारी आली.

बब्रुवान आला, "मी सांगितलं होतं" हे दोनदा म्हणून घेतलं आणि मग उपाय सांगितला. पूर्वी बाभूळ कापली की विहिरीत बुडवून ठेवायचे. पाण्यात किडा मरतो, लाकडातला चीक निघून जातो, मग लाकूड दगड होतं. त्याच्या बापानं असंच केलं, आजानंही असंच केलं.

आमच्या विहिरीनं यंदा संक्रांतीलाच तळ दाखवला. शेजारच्या नागप्पाच्या विहिरीला पाणी आहे, पण त्याला विचारायचं म्हणजे सगळं सांगावं लागणार. खोली कशाला, वहिनी कुठं, कधी येणार. नको. आम्ही दोघं बांधावर उभे होतो आणि दोघांचीही नजर एकाच वेळी तळ्याकडं गेली.

"पाणी ते पाणीच की," बब्रुवान म्हणाला.

६ मार्च, बुधवार

लाकडं बुडवली. फळ्या तरंगायला लागल्या, म्हणून त्यांना तारेनं दगड बांधले, ओढ्यातले चांगले जड. चपला बाहेर काढून ठेवूनच आत उतरलो. तिनं बघितलं असतं तर तिलाही बरं वाटलं असतं. सगळा माल गडप झाला, वर नुसते बुडबुडे. फार दिवसांनी आज नीट जेवलो.

९ मार्च, शनिवार

तळ्याचं पाणी खाली गेल्यासारखं वाटतं. यंदा ऊनच तसं आहे.

११ मार्च, सोमवार

ऊन नव्हे. सकाळी जाऊन बघितलं तर लाकडं उघडी पडलेली, दगड उघडे पडलेले आणि तळाशी चिखलात हात-हातभर फाटलेला कागद. एका ठिकाणी नाही, दगड जिथं जिथं टेकले तिथं तिथं. पाणी जमिनीनं पिऊन टाकलं. आंब्याला आत्ता कुठं बोराएवढी फळं धरली आहेत आणि पुढचे तीन महिने त्याच पाण्यावर काढायचे होते.

मी कडेला बसून राहिलो. उन्हं चढली तरी उठवेना.

बब्रुवानला फोन केला. तो म्हणाला, "मी पाण्यात बुडवा म्हणलो होतो. तळ्यात तुम्ही म्हणलात." आम्ही दोघं त्यावर बराच वेळ भांडलो. त्यानं पाणी काही परत आलं नाही.

१६ मार्च, शनिवार

कागद जोडणारा माणूस येऊन गेला. जोडता येईल म्हणाला, पण जोडून भरणार काय? बोअर घरापुरतं पाणी ओकतं आणि गप्प होतं. भाड्याच्या टेम्पोवर ड्रम बांधून मी नाक्यावरून पाणी आणतो आणि झाडाझाडाला बादलीनं घालतो. जमीन तोंड वासून बसलेली, बादली ओतली की दिसत नाही कुठं गेली.

शिवकन्येचा फोन आला. "झाडांना पाणी सोडलं का?"

"सोडलं."

"फळ कसं हाय?"

"झकास."

मला भीती वाटते. आधी तिनं यावं म्हणून जीव टांगला होता, आता ती आली तर काय, म्हणून टांगलाय. पण खोली उभी राहिली पाहिजे. खोली बघितली की निदान तिला कळेल की हे सगळं कशासाठी केलं.

२९ मार्च, शुक्रवार

काम जोरात. बब्रुवान म्हणतो लाकूड अजून ओलं आहे, सावलीत वाळू द्या, नाहीतर नंतर आकसून फटी पडतील. मला वाळायला थांबायला वेळ नाही. खांब दगडी तळखड्यांवर उभे केले, मातीत पुरले असते तर उदई-वाळवी लागली असती, एवढं मात्र मी त्याचं ऐकलं. समोरची काच बसली. भुस्सा कमी झालाय, थांबलेला नाही. आंब्याखाली रोज सकाळी गळालेल्या कैऱ्यांचा सडा असतो. मी त्या गोळा करून ओढ्यात टाकतो, कुणाला दिसू नयेत म्हणून.

लातूरहून समृद्धीचा फोन आला. आमची एकुलती एक लेक, सासरी असते. आवाज चढलेला होता. "आप्पा, मावशीचे डोळे ठणठणीत आहेत. तुम्ही ऑपरेशन सांगत फिरताय म्हणे."

"मग काय सांगू लोकांना?"

"आई तिथं बरी आहे असं सांगा. तिला तिथं झोप लागते म्हणाली."

"येणार कधी म्हणाली?"

समृद्धी म्हणाली, "आप्पा, ती येणार नाही असं म्हणाली नाही. पण येणार असंही म्हणाली नाही. तुम्ही तिला एकदा विचारा ना."

"विचारलं होतं की, स्टँडवरच."

"कधी येणार ते नव्हे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

झोपेचं मात्र बरं सांगितलं. आमची गादी जुनीच झाली आहे. उद्याच नवी कापसाची गादी भरायला टाकतो, खोलीतही एक टाकता येईल.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

घरात गुढी उभी केली, एकट्यानंच नैवेद्य दाखवला. तसाच कपडे घालून वाशीला गेलो. न कळवता.

सिताबाईच्या दारात पोचलो तर आतून हसण्याचा आवाज. शिवकन्येचा. असं पोट धरून हसताना मी तिला कधी ऐकलं ते आठवेना. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो. मग दार ढकललं आणि हसणं थांबलं. तिनं पदर सारखा केला, सिताबाई पाणी आणायला उठली.

तळ्याचं सांगायचं असं एस.टी.त बसल्यापासून ठरवलं होतं. तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, "तुझ्यासाठी बागेत खोली बांधलीय. बाभळीची. समोर काच."

ती माझ्याकडं बघत राहिली. "कुठं बांधलीय?"

"कोपऱ्यात. मोगऱ्यापाशी."

"मोगरा काढला?"

"थोडा."

"कुणाला विचारून?"

"अगं, तुझ्यासाठीच तर बांधलीय."

"तेच म्हणायलेय मी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, त्यावर मला काही बोलता तरी आलं असतं. "माझ्यासाठी, आन् मलाच ठाव न्हाय."

सिताबाईनं पुरणपोळी वाढली. मी जेवलो आणि परत निघालो. निघताना शिवकन्या दारापर्यंत आली आणि म्हणाली, "पाण्याचं बघा." मी मान हलवली. परतीच्या गाडीत ड्रायव्हर कसा चालवत होता, मला सांगता येणार नाही. माझं लक्षच नव्हतं.

१८ एप्रिल, गुरुवार

आज वरच्या ओळीतल्या झाडांची पानं हातात घेतली तर कागदासारखी चुरली. बादल्या घालून काही होणार नाही, हे मला केव्हाच कळलं होतं, नुसता धावत होतो. आज पाय थांबले. टेम्पोच्या सावलीत बसलो आणि तिला फोन लावला.

सगळं सांगितलं. बाभूळ, भुस्सा, दगड, कागद. "सोडलं" म्हणत होतो ते खोटं होतं, हेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "कुठली झाडं गेली?"

"वरच्या अंगाची."

"वरच्या अंगाची म्हंजी कुठली? बांधाकडची का चिंचेकडची? त्यात समृद्धीच्या लग्नात लावलेलं एक हाय, खोडाला गाठ आलेलं. ते हाय का गेलं?"

मी उभा राहून बघितलं. मला ते ओळखता आलं नाही. मी रोज त्या झाडांना पाणी घालत होतो आणि मला एकही झाड ओळखता येत नव्हतं.

"मला माहीत नाही," म्हटलं.

ती म्हणाली, "उद्या येते. झाडांसाठी येते, नीट ऐका. घरी आले असं समजू नका."

२० एप्रिल, शनिवार

काल आली, एका कापडी पिशवीनिशी. मोठी बॅग वाशीलाच. स्टँडवरून थेट बागेत. मी मागं मागं चाललो होतो, पण चार पावलं अंतर ठेवून. तळ्याच्या कडेला तिनं चपला काढल्या. तळं कोरडं होतं, तरी काढल्या. फाटलेल्या कागदावरून हात फिरवला, दगड बघितले. मला वाटलं आता शिव्या घालेल. ती म्हणाली, "दगड तरी गोल बघायचे," आणि उठली.

मग झाडं बघितली. एकेका खोडाची नखानं साल खरवडायची, खाली हिरवं दिसलं की पुढं. गाठवालं झाड हिरवं निघालं. बांधाकडची ओळ मात्र सगळी वाळून गेली होती. तिथं ती जरा वेळ खोडाला हात लावून उभी राहिली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"आता रडत बसू नका," ती म्हणाली. "नागप्पाभावजींकडं चला."

नागप्पा बाजेवर पडला होता. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "भावजी, तळं फुटलं. पाऊस येस्तोवर पाणी देताल का?" तो उठून पायात चपला घालायलाच लागला. "पाइप हाय का वहिनी, का माझाच टाकू?" आणि मग माझ्याकडं वळून, "डायव्हर, महिनाभर ड्रम घिऊन माझ्या दारावरून जायलाव. एक हाक मारली असती तर?"

मी काय सांगणार? हाक मारली असती तर बायको कुठं गेली ते विचारलं असतंस, म्हणून नाही मारली. तसं म्हणालो नाही. पण हे तर त्यानं आज विचारलंही नाही.

२४ एप्रिल, बुधवार

नागप्पाच्या विहिरीचं पाणी सुरू झालं. शिवकन्येनं उसाचं पाचट मागवलं आणि जगलेल्या झाडांच्या आळ्यात जाड थर दिला, ओल धरून ठेवायला. बचत गटाच्या बाया आल्या होत्या. मी पाचटाचे भारे वाहत होतो. कुठं टाकायचं ते बाया सांगत होत्या, मी टाकत होतो. दोन वेळा "असं नाही, तसं करा" म्हणायला तोंड उघडलं आणि पाणी पिऊन मिटलं.

लाइटीच्या वेळा धड नाहीत, पंप कधीही चालू करावा लागतो, म्हणून ती त्या खोलीतच झोपते. घरी जेवायलाही येत नाही. मी डबा नेतो, दाराशी ठेवतो. काल विचारलं, "घरी चल ना." म्हणाली, "झाडांसाठी आले म्हणाले होते." समोरच्या काचेवर तिनं आतून लुगडं टांगलंय.

२ मे, गुरुवार

काल ओसरीवर मी एकटा बसलो होतो. पाय ब्रेक शोधत होता. समृद्धी म्हणाली होती तिला एकदा विचारा. मी नेहमी एकच विचारत आलो, कधी येणार. दुसरं काय विचारायचं असतं, याच्यावर सकाळपर्यंत विचार करत होतो.

आज बागेत गेलो आणि म्हटलं, "ही खोली तुला कशी पाहिजे होती?"

ती पंपाचा नट आवळत होती. हात पुसले, माझ्याकडं बघितलं. थट्टा करतोय का हे बघत असावी. मग म्हणाली, "करणार का? नुसतं विचारायलाव?"

"करणार."

मग तिनं सांगितलं. मी मध्ये बोललो नाही. किडकं पांढरं सगळं कापून टाकायचं, खोली लहान झाली तरी चालंल. समोरची काच काढायची. "मला आख्ख्या गावाला दिसत बसायचं न्हाय." दार मागल्या अंगाला, झाडांकडं. बाकं नकोत, एक खाट पुरे. मोगरा जिथून काढला तिथंच परत लावायचा. आणि दाराला आतून कडी.

"कडी कशाला? तुझ्या बागेत कोण येतंय?"

ती नुसती बघत राहिली. बऱ्याच वेळानं मला कळलं कोण येतंय.

"मी आत असले की हाक मारायची न्हाय," ती म्हणाली. "पंपाचं असू द्या, गोळीचं असू द्या. मी भायर आले की बोलायचं. तुमी सगळा जन्म भायर काढला, त्या घरात मी माझ्या हिशोबानं जगले. दिवाळीपासून एक घोट च्या माझा मी पिले न्हाय. तुमच्यावर राग न्हाय. पण जीव गुदमरतो."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. माणूस घरी येतो आणि घरातल्याचा जीव गुदमरतो. पण ती खरं सांगत होती आणि मी विचारलं म्हणून सांगत होती.

बब्रुवानला बोलावलं. म्हणाला, "काका, मी पयल्या दिवशीच सांगितलं होतं, पांढरं काढा." मी म्हटलं, "सांगितलं होतंस." तो टेप काढून मापं घ्यायला लागला.

९ मे, गुरुवार

खोली झाली. आधीच्या निम्म्यानं. नुसता तांबडा गाभा, भुस्सा नाही. घाईत ओलं लाकूड वापरल्यानं दोन फळ्यांत बोटभर फट राहिली आहे, ती बब्रुवान पावसाळ्यानंतर बुजवणार. कडी मी स्वतः बसवली. दोनदा उघडून लावून बघितली, नीट बसते.

दुपारी ती आत गेली आणि कडी लागल्याचा आवाज आला.

मी घरी येऊन बसलो. बसवेना. पेपर वाचला. पंप बंद करायचा राहिला का असं वाटायला लागलं. नागप्पाचं पाणी वाया जाईल, उगाच बोलणी बसतील. हे काही हाक मारण्यासारखं नव्हे, नुसतं विचारायचं, असं म्हणत म्हणत खोलीपर्यंत गेलो. दारापुढं उभा राहिलो, हात वर केला. पंप तर बंदच होता, तिथून ऐकू येत होतं की तो बंद आहे. हात खाली घेतला आणि परत आलो. आल्यावर अंगण झाडलं. झाडलेलंच पुन्हा झाडलं.

दिवेलागणीला ती घरी आली. मी घरात असताना, आपणहून, वाशीला गेल्यापासून पहिल्यांदा. चुलीपाशी न जाता ओसरीवर बसली, म्हणून चहा मी केला. साखर कुठल्या डब्यात आहे ते तिला विचारावं लागलं, कारण सकाळी मी कडी बसवत होतो तेव्हा ती घरी येऊन गेली होती आणि तिनं डबे पुन्हा तिच्या पद्धतीनं लावले होते. मला पत्ताच नव्हता.

चहा पिता पिता म्हणाली, "दुपारी दारापतूर आला होतात."

"तुला कसं कळलं?"

"फटीतनं पाय दिसले. म्हणलं आता ठोकणार, मग ठोकणार." तिनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "न्हाय ठोकलं."

तिनं बशी संपवली. मग म्हणाली, "माझी बॅग वाशीलाच हाय अजून. रविवारी जाऊन घिऊन येऊ."

आत्ताच जाऊ, नागप्पाची गाडी मागतो, रात्रीपर्यंत परत येऊ, असं सगळं तोंडावर आलं होतं. उठायला पायही उचलला होता.

"रविवारी," मी म्हणालो.